शिरोळच्या पूरपट्ट्यात घराचा विमा: ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी घ्यावी का, आणि घेताना काय पाहावं

आधी निकाल सांगतो. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा अशा चार नद्यांचं पाणी ज्या एका तालुक्यात येतं, त्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळमध्ये स्वतःचं घर असलेल्या माणसाने ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी घ्यावी. घराच्या बांधकामासाठी ती चांगली आहे, घरातल्या सामानासाठी ठीक आहे. जनावरं, ऊस, दुकानातला माल आणि गाडी यांसाठी ती नाही, आणि गावाकडच्या माणसाची निम्मी मालमत्ता नेमकी तीच असते. शिवाय पॉलिसी घेताना अर्धा तास घालवून चार आकडे नीट भरले नाहीत, तर चांगली पॉलिसीही पुरानंतर हातात नुसता कागद ठेवते.

ही पॉलिसी कुठल्या एका कंपनीची नाही. विमा नियामकाने 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना घरांसाठी हीच प्रमाणित पॉलिसी विकायला लावली. मूळ अटींची भाषा सगळीकडे सारखी असते. फरक असतो तो हप्त्यात, जोड-संरक्षणात (जादा पैसे देऊन घ्यायच्या कलमांत) आणि क्लेमच्या वेळी माणसं कशी वागतात त्यात. आग, वीज, भूकंप, वादळ, दरड यांच्यासोबत पूर आणि पाणी साचणं यात मुळातच धरलेलं आहे. जुन्या आगीच्या पॉलिसीत वादळ-पुराचा भाग वगळून हप्ता कमी करता येई, आणि पुष्कळांनी तो न कळत वगळलेला असे. इथे पूर वेगळा मागून घ्यावा लागत नाही.

विमा घेण्याआधी आपल्या घराला पाणी किती आणि कधी लागतं हे माहीत हवं. शिरोळचा पूर डोंगरातल्या ओढ्यासारखा अंगावर येत नाही. भोगावती, तुळशी, कुंभी आणि कासारी यांचं पाणी घेऊन पंचगंगा कोल्हापुरातून खाली येते. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, आणि ते पाणीही याच वाटेने येतं. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. तिथे कृष्णा आधीच कोयनेच्या आणि वारणेच्या पाण्याने तुडुंब असेल, तर पंचगंगेला वाट मिळत नाही आणि तिला फुगवटा येतो. उतार कमी, रान सपाट. त्यामुळे पाणी हळू चढतं आणि त्याहून हळू उतरतं. विमा निवडताना ही एक गोष्ट सगळ्यात जास्त उपयोगी पडते. पाणी हळू चढतं म्हणून टीव्ही, गादी, कपडे, दागिने हलवायला वेळ मिळतो. पाणी मुक्काम करतं म्हणून भिंती मात्र वाचत नाहीत. शिरोळमधलं मोठं नुकसान बांधकामाचं असतं, म्हणून पैसा आधी बांधकामाच्या विम्यावर घालावा.

पातळी मोजायची पद्धत सोपी आहे. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला इशारा 40 फुटांवर आणि धोका 45 फुटांवर. 2019 ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 ला 56 फुटांच्याही वर. सांगलीत मात्र 2019 चं पाणी 2021 पेक्षा चढं होतं. कोल्हापूरचा एकच आकडा धरून आपल्या गावाचा अंदाज बांधणारे चुकतात ते इथेच. अर्जुनवाड, घालवाडकडे कृष्णेचा जोर, शिरढोण, तेरवाडकडे पंचगंगेचा, आणि संगमाच्या खालच्या औरवाड, गौरवाड, राजापूर, खिद्रापूरकडे दोन्हींचा. म्हणून दोन्ही ठिकाणचे आकडे लिहून ठेवावेत. आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी आलं तेव्हा राजाराम किती, आयर्विन किती; पायरीला लागलं तेव्हा किती; घरात शिरलं तेव्हा किती. अशा तीन नोंदी झाल्या की पुढच्या पावसाळ्यात किती फुटांना घर सोडायचं हे कुणाला विचारावं लागत नाही. 2005, 2019 आणि 2021 च्या पाण्याच्या खुणा भिंतीवर ऑइल पेंटने ओढून बाजूला साल लिहावं. रंगकामात त्या पुसू देऊ नयेत.

पूररेषेचा नकाशाही पाहावा. 25 वर्षांतून एकदा येण्याजोग्या पुराची, किंवा नदीपात्राच्या क्षमतेच्या दीडपट विसर्गाची, यांतली जी मोठी ती निळी रेषा. 100 वर्षांतून एकदा येण्याजोग्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम निषिद्ध असतं, निळी आणि लाल यांच्या मधे ते अटींवर चालतं. ‘100 वर्षांतून एकदा’ या शब्दांवर विसंबू नये. त्याचा अर्थ दर वर्षी शंभरात एक एवढी शक्यता, आणि दोन वर्षांच्या अंतराने दोन महापूर या भागाने पाहिलेत. प्रस्तावात, म्हणजे विम्याच्या अर्जात, मागे पूर आला होता का असं विचारलं असेल तर खरं लिहावं. ते दडवलं तर क्लेम नाकारायला कंपनीला सरळ कारण मिळतं.

आता विमा रकमेकडे. घराची बाजारभावाची किंमत इथे लागत नाही आणि जागेचा विमा होत नाही. हिशेब असा: घराचं चटई क्षेत्र गुणिले आजचा बांधकाम दर. उदाहरण म्हणून 750 चौरस फूट आणि 1,700 रुपये दर धरला, तर 12,75,000 रुपये. दर गवंड्याला किंवा गावात नुकतंच घर बांधलेल्या माणसाला विचारावा. पाच वर्षांपूर्वीचा धरू नये. व्हरांडा, कुंपणभिंत, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, बायोगॅस, छतावरचं सोलर हे घराच्या व्याख्येत बसतं, पण त्याची किंमत वेगळी काढून रकमेत मिळवावी लागते. गोठा तिथे गृहीत धरू नये. घराला लागून असला तरी प्रस्तावात ‘गोठा, इतके फूट बाय इतके फूट’ असं स्वतंत्र लिहून घ्यावं, आणि पॉलिसीच्या परिशिष्टात तो उतरला का हे तपासावं.

बांधकामाचा विमा घेतला की घरातल्या सर्वसाधारण सामानाला आपोआप 20 टक्के संरक्षण मिळतं, जास्तीत जास्त 10 लाख रुपये. वरच्या उदाहरणात ते 2,55,000 रुपये झाले. फ्रिज, कपाटं, पलंग, धान्याची कोठी, भांडी यांना बहुतेक घरांत एवढं पुरतं. जास्त हवं असेल तर यादी देऊन वाढवता येतं. दागिने आणि मौल्यवान वस्तूंचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. शिरोळसारख्या हळू चढणाऱ्या पुरात त्यावर पैसे घालू नयेत, दागिने माणसाबरोबर बाहेर पडतात. रोकड आणि कागदपत्रं, म्हणजे पाण्यात गेलेले सातबारे, पासबुकं, प्रमाणपत्रं, हे पॉलिसीत नाही. गाड्याही नाहीत.

या पॉलिसीची सगळ्यात मोलाची अट एजंट क्वचितच समजावून सांगतात. विमा रक्कम कमी पडली म्हणून क्लेम त्या प्रमाणात कापायचा नाही, ही ती अट. घर 12 लाखांचं आणि विमा 8 लाखांचा असला, तरी 2 लाखांच्या नुकसानीला 2 लाख मिळायला हवेत. याउलट घराच्या खालच्या गाळ्यात किराणा, खत किंवा कापडाचं दुकान असेल, तर त्या मालाला ही पॉलिसी लागत नाही. त्याला ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ घ्यावी लागते, 5 कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी. तिथे रक्कम 15 टक्क्यांपर्यंतच कमी असलेली चालते. माल 10 लाखांचा, विमा 6 लाखांचा आणि नुकसान 3 लाखांचं असेल, तर हिशेब 60 टक्क्यांनी होऊन 1,80,000 रुपयांवर येतो. दुकानदारांची फसगत इथेच होते, कारण विमा मार्चमधल्या साठ्यावर काढलेला असतो आणि पूर येतो ऑगस्टमध्ये, गणपती-दिवाळीचा माल भरलेला असताना.

बँकेने गृहकर्जासोबत काढलेला विमा आहे म्हणून निवांत राहू नये. तो पुष्कळदा उरलेल्या कर्जाएवढाच असतो, कधी बांधकामाचाच असतो आणि सामान त्यात नसतं, आणि पैसे आधी कर्जखात्यात जातात. पॉलिसीची प्रत बँकेकडून मागून घ्यावी आणि घराचा पत्ता, रक्कम, मुदत या तीन गोष्टी पाहाव्यात.

मातीच्या घरांबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण पुरात पडतात ती हीच. पांढऱ्या मातीची, कच्च्या विटांची भिंत पाण्यात उभी असते तोवर कित्येकदा पडत नाही. दोन्ही बाजूंचं पाणी तिला सावरून धरतं. पाणी ओसरलं की भिजून जड झालेली, आतून लगदा झालेली भिंत आपल्याच वजनाने खचते, कधी दुसऱ्या दिवशी, कधी आठ-दहा दिवसांनी. अशा वेळी ‘भिंत पूर गेल्यावर पडली, जुनी होती’ असा मुद्दा निघू शकतो. झीज, जीर्णपणा, हळूहळू झालेलं नुकसान पॉलिसीबाहेर आहे. त्यामुळे पाणी ओसरताच, भिंत उभी असतानाच, ओल कुठवर चढली आहे त्याचे आतून-बाहेरून फोटो काढावेत, आणि पोपडे, भेगा, फुगवटा टेप लावून दाखवावा. मग ती नंतर पडली तरी कारण पूरच हे दाखवता येतं. पॉलिसीतली ‘कच्च्या बांधकामा’ची व्याख्या गवत, पाला, बांबू, फळ्या, प्लॅस्टिक, ताडपत्री अशा भिंती-छपरांची आहे, मातीची भिंत आणि कौलं त्या यादीत नावाने नाहीत. तरी भिंत कशाची, छप्पर कशाचं हे प्रस्तावात स्पष्ट लिहावं आणि कंपनीचा होकार लेखी घ्यावा. काही कार्यालयं अशा घरांना नको म्हणतात. तो नकार मे महिन्यात कळलेला बरा.

काळ्या रानात बांधलेल्या आरसीसी घरांची अडचण वेगळी. काळी माती पाण्याने फुगते आणि सुकताना आकसते. पूर जाऊन दोन-तीन महिने झाले की जोत्याला, कोपऱ्यांना तिरप्या भेगा पडतात. जमीन खचल्याचं नुकसान पॉलिसीत आहे, पण त्याला अपवाद आहेत: नव्या बांधकामाचं नेहमीचं बसणं, भराव घातलेल्या जमिनीचं खचणं, सदोष बांधकाम, आणि नदीने काठ कापणं. पुराच्या भीतीने चार-पाच फूट मुरमाचा भराव टाकून घर उंच बांधणाऱ्यांना यातला दुसरा अपवाद थेट लागू पडतो. भराव टाकायचाच तर 20-25 सेंटीमीटरच्या थरांनी, पाणी मारून, रोलरने दाबत टाकावा आणि पाया मूळ जमिनीतच न्यावा. नदीच्या उभ्या काठावरच्या घरांनी चौथा अपवाद वाचावा. काठ ढासळून घर गेलं तर ते पुराचं नुकसान की नदीने काठ कापल्याचं, यावर भांडण होणारच.

चोरीची अटही आपल्या पुराला तोकडी पडते. विम्यात धरलेल्या आपत्तीमुळे झालेली चोरी त्या घटनेपासून सात दिवसांच्या आत झालेली असेल तरच भरून मिळते. इथे पाणीच आठवडाभर घरात राहतं. शेजारच्या गावात किंवा छावणीत स्थलांतर केलेलं कुटुंब दहाव्या दिवशी परत येतं आणि कुलूप तुटलेलं सापडतं. चोरी कधी झाली हे कोण सांगणार? मोटार, गॅस सिलिंडर, तांब्या-पितळेची भांडी जाताना माळ्यावर बांधून ठेवावीत. उघड्या व्हरांड्यातल्या आणि घराबाहेरच्या वस्तूंना ही अट तशीही लागू होत नाही.

मलबा काढायला क्लेमच्या 2 टक्के आणि इंजिनिअर, आर्किटेक्टच्या फीसाठी 5 टक्क्यांपर्यंत मिळतात. 3 लाखांच्या क्लेमला ते 6,000 आणि 15,000 होतात. गाळ, पडलेल्या भिंती, कुजलेलं धान्य हे सगळं ट्रॉल्या लावून हलवायचं असतं, त्यापुढे 6,000 फार कमी आहेत. प्रमाणित पॉलिसीतली ही त्रुटी नियामकाने दुरुस्त करायला हवी. घर राहण्याजोगं नसेल तर पर्यायी घराचं भाडं मिळतं. त्यासाठी भाडेकरार, पावत्या आणि घर राहण्यालायक नसल्याचा इंजिनिअरचा दाखला लागतो.

मुदत दहा वर्षांपर्यंत घेता येते, आणि एका वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या पॉलिसीत विमा रक्कम दर वर्षी 10 टक्क्यांनी आपोआप वाढते, जादा हप्ता न घेता. बांधकामाचा खर्च ज्या वेगाने चढतो ते पाहता तीन ते पाच वर्षांची पॉलिसी एकदाच घेणं फायद्याचं. नूतनीकरण विसरण्याचा धोकाही टळतो. हप्त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो, तो धरून दोन-तीन कंपन्यांचे दर मागवावेत. घर कुणाच्या नावावर आहे ते ग्रामपंचायतीच्या नमुना 8 च्या उताऱ्यावरून ठरतं. उतारा वारलेल्या आजोबांच्या नावावर आणि पॉलिसी नातवाच्या नावावर अशी स्थिती असेल, तर क्लेमचे पैसे वारस-दाखल्यात अडकतात. भावाभावांत वाटणी झाली असेल तर ज्याचा भाग त्याच्या नावावर वेगळी पॉलिसी घ्यावी. पत्त्यात ‘मु. पो.’ आणि गाव एवढंच नको, मिळकत क्रमांक हवा.

सरकारी मदत मिळते, मग विमा कशाला, असं विचारणारे पुष्कळ आहेत. आपत्ती निधीचे 2022 ते 2026 चे केंद्राचे निकष पाहा: सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घराला 1,20,000 रुपये, किमान 15 टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला 6,500, कच्च्याला 4,000, गोठ्याला 3,000. राज्य सरकार कधी वरून भर घालतं, पण वाट त्याची पाहावी लागते. एक खोली नव्याने उभी करायला लाखांत खर्च येतो तिथे 6,500 रुपयांत गिलावाही होत नाही. तरीही मदतीचा पंचनामा करून घ्यायचाच, कारण तलाठ्याने, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याने केलेला पंचनामा विम्याच्या क्लेमलाही सगळ्यात भक्कम कागद ठरतो. त्यावर पाणी किती फूट आणि किती दिवस होतं हे लिहिलं आहे का, ते सही करण्याआधी वाचावं.

क्लेमची सुरुवात पाणी घरात असतानाच करता येते. कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावर कळवून नोंद क्रमांक घ्यावा आणि त्याच दिवशी ईमेलही करावा. क्लेम फॉर्म नुकसान दिसल्यापासून 30 दिवसांत द्यायचा असतो. नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकानुसार कंपनीने 24 तासांत सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजणारा माणूस, नेमायचा, त्याने 15 दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवालानंतर 7 दिवसांत कंपनीने निर्णय घ्यायचा. महापुरात सर्व्हेअर कमी आणि क्लेम हजारो, त्यामुळे प्रत्यक्षात उशीर होतो. पण ही मुदत माहीत असली की स्मरणपत्र कोणत्या दिवशी पाठवायचं ते कळतं.

खरी अडचण असते ती साफसफाईची. सर्व्हेअर येईपर्यंत काही हलवू नका असं सांगितलं जातं, आणि घरात कुजलेलं धान्य ठेवून तिथे राहता येत नाही. मग असं करावं: प्रत्येक खोलीचा चारी कोपऱ्यांतून व्हिडिओ, गाळाच्या रेषेला टेप लावून फोटो, प्रत्येक उपकरणाच्या मॉडेल-नंबरच्या पट्टीचा फोटो. धान्याच्या पोत्यांची संख्या आणि वजन लिहून, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन नमुन्याला एक पोतं बाजूला ठेवावं. ‘आरोग्याच्या कारणाने अमुक तारखेला या वस्तू टाकत आहोत’ असा ईमेल कंपनीला करून मगच बाकी उचलावं. फ्रिज, मोटार, मिक्सर भंगारवाल्याला लगेच देऊ नयेत, सर्व्हेअरने पाहेपर्यंत ते गाळासकट राहू द्यावेत. विजेचं कुठलंही उपकरण सुकवून चालू करून पाहू नये. शॉर्ट झालं तर पुराचं नुकसान आणि हातचं नुकसान वेगळं काढता येत नाही.

हाच नियम गाडीला. बुडालेली दुचाकी, चारचाकी किंवा ट्रॅक्टर स्टार्ट करू नये. इंजिनात पाणी असताना सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन संरक्षणाचं जोड-कलम घेतलेलं नसेल तर तो खर्च साधारणपणे कंपनी देत नाही. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात पुराचं काहीच मिळत नाही. जनावरांचा विमा वेगळा, आणि तो कानातल्या बिल्ल्यावर चालतो. बिल्ला पडला असेल तर पावसाळ्याआधी नवा मारून कंपनीला कळवावं. उसाचं काय, हा या तालुक्यातला पहिला प्रश्न असतो. राज्यातल्या पीकविमा योजनेच्या अधिसूचित पिकांत ऊस नाही, त्यामुळे आठवडाभर शेंड्यापर्यंत बुडालेल्या उसाला त्या योजनेतून काही मिळत नाही.

क्लेम कमी मंजूर झाला तर सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागावी आणि कोणत्या बाबीत किती कापलं ते एकेक करून पाहावं. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवायचं. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. कोल्हापूर-सांगलीचे अर्ज पुण्याच्या कार्यालयात जातात. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, मर्यादा 50 लाखांची आहे, फी नाही आणि वकील लागत नाही. अर्जासोबत पॉलिसी, पंचनामा, तारखेसह फोटो, सर्व्हेअरचा अहवाल आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार जोडावा, आणि मागणीची रक्कम रुपयांत नेमकी लिहावी.